जुन्या गोळीचा नवा दावा

मागच्या हिवाळ्यात एका शिक्षक शिबिरात आमचे भाषण संपल्यावर एक बाई थांबून राहिल्या होत्या. तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत त्या विज्ञान शिकवतात. पर्समधून त्यांनी वर्तमानपत्राचे घडी घातलेले कात्रण काढले. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या क्रोनच्या रोगातही गुणकारी ठरतात, आतडे आखडण्याचा धोका त्यांनी कमी होतो, अशी ती बातमी होती. बाईंच्या २२ वर्षांच्या भाच्याला हा रोग आहे. एकदा पोट उघडून आतड्याचा तुकडा काढून झाला आहे आणि पुन्हा तीच वेळ येणार, ही धास्ती घरात सगळ्यांनाच आहे. बाई म्हणाल्या, "सर, ही गोळी आमच्या गावच्या दुकानातसुद्धा मिळते. त्याचे आजोबा रोज घेतात. मग यानेही सुरू केली तर बिघडलं कुठे?"

आम्ही वैद्य नव्हे, जीवरसायनशास्त्राचे संशोधक. शिबिराच्या गडबडीत जे उत्तर दिले ते अर्धवट होते आणि ते मनाला लागून राहिले. पुढे सवड काढून बातमीमागचे शोधनिबंध वाचले. दोष एकट्या बातमीदाराचा नाही, असे आमचे मत झाले. एखादे औषध 'तपासले' असे केव्हा म्हणावे, याबद्दल खुद्द संशोधकांच्या लेखनातही बरीच ढिलाई आहे.

आधी रोगाविषयी थोडेसे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तिघांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नावे वर्णानुक्रमे छापली गेली म्हणून रोगाला क्रोन यांचे नाव चिकटले. हा दाह पचनमार्गात कोठेही होऊ शकतो, पण त्याची आवडती जागा म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग. दाह नुसता अस्तरापुरता राहत नाही, आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. तो चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दर वेळी जखम भरताना व्रणाची ऊती तयार होते आणि भाजल्याच्या व्रणाने कातडी आखडावी तशी आतड्याची नळी आखडत जाते. मग जेवणानंतर कळा येतात, उलट्या होतात, पोट फुगते. काहींना भगंदर होते, काहींच्या पोटात गळू होते. निदानापासून २० वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांना यांपैकी कोणती ना कोणती गुंतागुंत गाठते. दाह कमी करणारी चांगली औषधे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आली आहेत. परंतु एकदा तयार झालेला व्रण विरघळवील असे मान्यताप्राप्त औषध आजपर्यंत एकही नाही. तिथे दुर्बिणीतून फुगा घालून वाट रुंद करणे किंवा शस्त्रक्रिया करणे, हेच मार्ग. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त गोळीने हे टळेल असे कोणी म्हटले, तर रुग्णाच्या घरचे माणूस कात्रण जपून ठेवणारच.

या गोळ्यांचे नाव स्टॅटिन. त्यांचा शोध जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी लावला. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होताना एक विकर महत्त्वाचे काम करते. ते रोखणारे एखादे द्रव्य बुरशी बनवीत असेल, या तर्काने त्यांनी १९७१ पासून ६,००० हून अधिक सूक्ष्मजीव चाळले आणि १९७३ साली क्योटोतील धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या पेनिसिलियम जातीच्या निळसर बुरशीत त्यांना ते सापडले. गंमत अशी की उंदरांवर ते द्रव्य साफ अपयशी ठरले, त्यांचे कोलेस्टेरॉल उतरेचना. कोंबड्यांत मात्र ते झकास उतरले. प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष माणसावर लादण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी. पुढे १९८७ साली लोवास्टॅटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरोग्यांवरील चाचणीने सगळ्या शंका मिटवल्या. सुमारे साडेपाच वर्षांत कोऱ्या गोळीच्या गटात २५६ माणसे दगावली, सिम्वास्टॅटिनच्या गटात १८२. कोणाला खरी गोळी मिळायची आणि कोणाला कोरी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, आणि मोजले होते ते मृत्यू. हे दोन मुद्दे पुढे लागणार आहेत.

हृदयाची गोळी आतड्याला का लागू पडावी? कल्पना अगदीच अधांतरी नाही. पेशीतील कोलेस्टेरॉलची वाट एखाद्या कालव्यासारखी आहे. मुख्य पाणी कोलेस्टेरॉलकडे जाते, पण मधूनमधून लहान पाट फुटतात. स्टॅटिन कालव्याचे दार तोंडापाशीच बंद करते, तेव्हा पाटांचे पाणीही आटते. यांपैकी एका पाटातून काही प्रथिनांना जोडायच्या तेलकट शेपट्या तयार होतात. शेपटी असली तरच ऱ्हो नावाचे प्रथिन पेशीच्या पटलाला धरून राहते, आणि व्रण घडवणाऱ्या पेशींना आकुंचन पावायला लावण्यात ऱ्होचा हात असतो. डब्लिनच्या संशोधकांनी २००९ साली दाखवले की बशीत वाढवलेल्या आतड्यातील तंतुपेशी सिम्वास्टॅटिनमुळे व्रण घडवण्याच्या संदेशाला कमी दाद देतात. २०१२ साली जपानी संशोधकांनी रसायनाने आतडे भाजलेल्या प्राण्यांत व्रण कमी झाल्याचे प्रसिद्ध केले. इथवर आमची तक्रार नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की बशीतल्या प्रयोगात औषधाची तीव्रता रुग्णाच्या रक्तात मिळते त्यापेक्षा बहुधा कितीतरी जास्त असते, आणि रसायनाने एकदा भाजलेले आतडे म्हणजे वर्षानुवर्षे धुमसणारा क्रोन नव्हे.

आता माणसांकडे वळू. स्वीडनमध्ये क्रोनच्या १० रुग्णांना ॲटोर्वास्टॅटिन रोज ८० मिलिग्रॅम असे १३ आठवडे दिले गेले. त्याचे निष्कर्ष २००८ आणि २००९ मध्ये आले. रक्तातील दाहाची काही सूचक द्रव्ये उतरली. निबंध प्रामाणिक आहेत, प्राथमिक म्हणूनच लिहिलेले आहेत. पण पुढे ज्यांनी ज्यांनी त्यांचा उल्लेख केला त्यांच्या लेखणीत 'प्राथमिक' हा शब्द हळूहळू पुसट होत गेला. या १० जणांशी ताडून पाहायला कोरी गोळी घेणारा गट नव्हता. त्याने काय बिघडते, हे वर्गात एका तासात दाखवता येते. साठ मुलांना एकेक फासा टाकायला सांगा. ज्यांना ५ किंवा ६ पडले ते 'आजारी'. साधारण वीस मुले निघतील, त्यांची सरासरी ५.५ च्या आसपास. या वीस जणांच्या फाशाला खडूची भुकटी लावा आणि पुन्हा टाकायला सांगा. सरासरी ३.५ च्या जवळ येईल. खडूच्या भुकटीने आजार उतरला! क्रोनचा रुग्ण चाचणीत येतो तो बहुधा रोग चढलेला असताना. पुढच्या तीन महिन्यांत त्यातले काही आपोआप उतरणारच. कोरी गोळी देऊनही पाचातल्या साधारण एकाचा रोग तात्पुरता शमतो, असा या रोगाच्या चाचण्यांचा अनुभव आहे.

शिवाय मोजले काय? रक्तातली द्रव्ये. स्टॅटिनमुळे दाहाचे काही सूचक उतरतात हे हृदयरोग्यांतही दिसलेले आहे, त्यांना तर क्रोन नाही. भाच्याचा प्रश्न आतड्याची वाट अरुंद होईल की नाही हा आहे. ताप मोजून हाड जुळले की नाही ते कळत नाही, तसेच हे.

यावर उत्तर येते की माणसे १० नकोत तर हजारो घ्या, विम्याच्या आणि रुग्णालयांच्या नोंदी आहेतच. अशा नोंदी चाळल्या गेल्या. २०१२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात आतड्याच्या दाहाचे जे रुग्ण स्टॅटिन घेत होते त्यांच्यावर स्टेरॉइड सुरू करण्याची वेळ इतरांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी आली. फरक मुख्यतः क्रोनच्या भावंडरोगात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहात दिसला, खुद्द क्रोनमध्ये तो स्पष्ट नव्हता. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये त्याच भावंडरोगात ॲटोर्वास्टॅटिन घेणाऱ्यांचे मोठे आतडे काढण्याची वेळ कमी येते असे दाखवले. आकडे मोठे, गणित चोख. तरीही आम्ही त्याला औषधाची परीक्षा म्हणायला तयार नाही.

२००९ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्टॅटिन घेणाऱ्या १,४१,०८६ लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गोळ्या नेमाने घेणाऱ्यांना मोटारीचे अपघात सुमारे पाव हिश्श्याने कमी झालेले आढळले. कामावरच्या अपघातांतही तोच प्रकार. कोलेस्टेरॉल उतरल्याने ब्रेक वेळेवर लागत नाही हे उघड आहे. गोळी नेमाने घेणारा माणूस सिग्नलही पाळतो, एवढाच त्याचा अर्थ. याहून बोलके उदाहरण १९८० सालचे आहे आणि तेही कोलेस्टेरॉलच्याच एका जुन्या औषधाचे, क्लोफायब्रेटचे. या औषधाच्या गटात ज्यांनी ८० टक्के किंवा अधिक गोळ्या घेतल्या त्यांच्यात पाच वर्षांत १५.० टक्के मृत्यू झाले, टाळाटाळ करणाऱ्यांत २४.६ टक्के. औषध उत्तम म्हणायचे? कोऱ्या गोळीच्या गटात हेच आकडे १५.१ आणि २८.२ होते. कोरी गोळी नेमाने घेतल्यानेही जीव वाचला! दोन्ही गटांचे एकूण मृत्यू पाहिले तर २०.० आणि २०.९ टक्के, म्हणजे औषधाचा प्रभाव जवळजवळ शून्य. ही आकडेवारी अकरावी-बारावीच्या मुलांपुढे एका वेळी एकच आकडा उघडत मांडावी. आम्ही मांडली आहे. दुसरी जोडी फळ्यावर येते तेव्हा वर्गात जी कुजबुज होते ती ऐकण्यासारखी असते.

क्रोनच्या बाबतीत याहूनही खोल खड्डा आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले आम्हांला दिसले नाही. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती आतड्यात उतरतात आणि त्यांतील सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या नेमक्या शेवटच्या भागातून परत शोषली जातात. क्रोनचीही आवडती जागा हीच. तो भाग सुजला किंवा कापून काढावा लागला की पित्ताम्ले वाहून जातात, ती पुन्हा बनवण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉल खर्ची घालते आणि रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. मिनेसोटाच्या हेन्री बुकवाल्ड यांनी तर हाच भाग शस्त्रक्रियेने वगळून ८३८ हृदयरोग्यांवर मोठी चाचणी केली. १९९० साली तिचे निष्कर्ष आले, कोलेस्टेरॉल २३ टक्क्यांनी उतरले होते. त्याशिवाय तीव्र दाह चालू असतानाही कोलेस्टेरॉल खाली जाते. मग विचार करा, क्रोनच्या कोणत्या रुग्णाला डॉक्टर स्टॅटिन लिहून देईल? ज्याचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे त्याला, म्हणजे ज्याचे आतडे बऱ्यापैकी शाबूत आणि दाह थंड आहे त्याला. ज्याचा रोग भडकलेला आहे त्याला स्टॅटिनची चिठ्ठी मिळणारच नाही. शिवाय स्टॅटिन घेणारे बहुधा पन्नाशी उलटलेले, आणि उतारवयात सुरू झालेला क्रोन तरुणांतल्यापेक्षा सौम्य चालतो. नोंदींमध्ये स्टॅटिनवाल्यांचे बरे चाललेले दिसले तर त्यात नवल ते काय! गोळीने आतडे राखले, की राखलेल्या आतड्यामुळे गोळी मिळाली? वय, लिंग, मधुमेह यांची गणिती दुरुस्ती संशोधक करतात. पण आतड्याच्या शेवटच्या दोन हातांची अवस्था विम्याच्या नोंदीत लिहिलेली नसते.

ही शंका पुस्तकी नाही. फुप्फुसाच्या जुनाट विकारातही नोंदींनी स्टॅटिनची अशीच वाहवा केली होती. २०१४ साली ८८५ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली तेव्हा वर्षाला रोग उसळण्याचे प्रमाण स्टॅटिन गटात १.३६ आणि कोऱ्या गोळीच्या गटात १.३९ निघाले. जंतुदोषातून फुप्फुसे निकामी होत चाललेल्या ७४५ रुग्णांवरील चाचणीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. फायद्याची शक्यता उरली नाही म्हणून ती मध्येच थांबवलेली होती. त्याच २०१४ साली चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतून क्रोनच्या भावंडरोगावरील एक लहान चाचणी प्रसिद्ध झाली. रोग उसळलेल्या रुग्णांना ॲटोर्वास्टॅटिनचा कोऱ्या गोळीपेक्षा फायदा दिसला नाही. वर्तमानपत्राच्या कात्रणात यांपैकी एकाही चाचणीचा उल्लेख नव्हता.

इथे कोणी विचारील, मग कोलेस्टेरॉलचे औषध क्रोनच्या गुंतागुंतीवर कधीच चालले नाही काय? चालले आहे, आणि पन्नास वर्षांपासून चालते आहे. ते स्टॅटिन नव्हे, कोलेस्टिरामिन नावाची राळेची भुकटी. ती आतड्यातच राहते आणि पित्ताम्ले धरून ठेवते. आतड्याचा शेवटचा भाग कापलेल्या रुग्णाची पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे पाणी सुटते आणि पातळ जुलाब सुरू होतात. ॲलन हॉफमन आणि रायनर पोली यांनी १९६९ साली मेयो क्लिनिकमध्ये हे जुलाब कोलेस्टिरामिनने थांबतात असे दाखवले. १९७२ मध्ये त्यांनी हेही स्पष्ट केले की कापलेला भाग १०० सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तरच ते छान लागू पडते. भाग त्याहून मोठा असेल तर पित्ताम्लांचा साठाच संपतो, चरबी पचत नाही, आणि भुकटी देऊन उपयोग होत नाही. औषध कुठे चालणार नाही हे ज्याने सांगितले त्याला ते कसे चालते हे कळले होते.

हॉफमन आणि पोली यांना हजारो रुग्ण लागले नाहीत, मूठभर पुरले. याचे कारण विद्यार्थ्यांकडून काढून घेण्यासारखे आहे. भुकटी दिली की दोन-चार दिवसांत जुलाब थांबतात, बंद केली की परत येतात, पुन्हा दिली की पुन्हा थांबतात. प्रत्येक रुग्ण स्वतःशीच ताडून पाहता येतो. आतड्याचे आखडणे तसे नाही. ते वर्षांच्या हिशेबाने होते, आणि झालेला व्रण गोळी बंद-चालू करून मागेपुढे हलत नाही. समजा, पाच वर्षांत १०० पैकी २० रुग्णांवर शस्त्रक्रियेची वेळ येते आणि औषधाने ती १५ वर येईल अशी आशा आहे. हा फरक नशिबाचा नाही असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणायला प्रत्येक गटात सुमारे ९०० रुग्ण लागतात, म्हणजे १,८०० माणसे आणि पाच वर्षे. औषध इतके जोरदार असेल की २० चे १० व्हावेत, तरी दोन्ही गट मिळून ४०० च्या आसपास हवेतच. आतड्याची भिंत चुंबकीय चित्रणाने मोजून वाट थोडी जवळची करता येईल. आपल्या देशात आणखी एक अडचण येते. आतड्याच्या क्षयानेही नेमका हाच भाग आखडतो, आणि दोन्ही रोग इतके सारखे दिसतात की कित्येक रुग्णांना आधी क्षयाचे औषध देऊन पाहिले जाते. अशी मिसळ चाचणीत शिरली तर निष्कर्षाचा काला होईल.

हा खर्च कोणी करावा? स्टॅटिनचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले. गोळी रुपयांत मिळते, तेव्हा तिच्या नव्या उपयोगासाठी कोट्यवधी ओतण्यात कारखानदाराला रस नाही. सरकारी संस्थांनी किंवा विद्यापीठांनी हे केले तरच होणार. दरम्यान संगणकावर नोंदी चाळून निबंध छापणे स्वस्त पडते, म्हणून तसले निबंध वाढत जातात. आम्हीही संशोधनाचे पैसे मागत फिरणारेच आहोत, त्यामुळे हा मोह आम्हांला परका नाही. पण दहावा निबंध पहिल्याचीच चूक घेऊन येत असेल, तर दहांनी मिळून पुरावा दहापट होत नाही.

बाईंना आम्ही पत्र लिहिले. ते असे: स्टॅटिनने आखडणे टळते की नाही हे ठरवील अशी चाचणी आमच्या वाचनात आलेली नाही. आजोबांची गोळी आजोबांच्या हृदयासाठी आहे, ती त्यांनी सोडू नये. भाच्याला उद्या मधुमेहासाठी वा हृदयासाठी ती लिहून दिली गेली, तर क्रोनच्या भीतीने नाकारायचेही कारण नाही. मात्र आतड्यासाठी म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नये. स्नायू दुखणे, यकृताची तक्रार असे तिचे उपद्रव थोड्यांना का होईना होतात, आणि नव्या गोळीच्या भरवशावर दाहाची चालू औषधे ढिली पडण्याचा धोका त्याहून मोठा. धूम्रपान करीत असेल तर ते सोडावे. शस्त्रक्रियेनंतर क्रोन पुन्हा उसळण्याशी धूम्रपानाचा संबंध अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेला आहे. आणि एक विचारले. शस्त्रक्रियेनंतर त्याला पातळ जुलाब होतात का? होत असतील तर पोटाच्या डॉक्टरांना पित्ताम्लांबद्दल जरूर विचारावे.

पंधरा दिवसांनी बाईंचे उत्तर आले. जुलाब होतात, दिवसातून सहा-सात वेळा, दोन वर्षे झाली. 'क्रोन म्हटल्यावर हे चालायचंच' असे समजून त्याने ते कोणाला सांगितलेच नव्हते. पुढच्या तपासणीला हा प्रश्न कागदावर लिहून नेणार असल्याचे त्यांनी कळवले आहे.